शांत खोलीत दिलेली दाद

कॅरीहून नॅशव्हिलला गाडीने जायला साडेआठ तास लागतात, आणि त्यातले निदान सहा तास मी बोलत होते. मुलगी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. दिवाळीला ती विमानाने घरी आली होती. परतीचं तिकीटही निघालं असतं, पण मीच म्हटलं, मी सोडते तुला. पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले, की घर मला खायला उठतं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणायची नाही.

मुलगी केमिकल इंजिनीअर आहे. म्हणजे डिग्री आहे. गेली तीन वर्षं ती नॅशव्हिलमध्ये सकाळी लोकांची कुत्री फिरवते आणि दुपारनंतर कंट्री गाणी लिहिते, म्हणजे इथली खेड्यापाड्यांतली गिटारवरची गाणी, नॅशव्हिल त्यांची पंढरी. माझा नवरा ओळखीच्यांत 'म्युझिक इंडस्ट्रीत आहे' असं सांगतो आणि कुत्र्यांचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो. मंडळाच्या कार्यक्रमात एखाद्या काकू मला बाजूला घेऊन विचारतात, "हे खूळ शिरलं कुठून गं तिच्यात?" कॉलेजात तिची रूममेट टेनेसीची होती. मी सगळं त्या बिचारीवर ढकलून मोकळी होते.

आणि मी अभ्यास केला होता. आपल्याकडे पोर कुठल्याही परीक्षेला बसलं की आईने सिलॅबस वाचायचा असतो. लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणून मी कंट्री संगीताच्या इतिहासाच्या नोट्स काढल्या होत्या, वहीत, लाल पेनाने अधोरेखित करून. ग्रीन्सबरो मागे पडेपर्यंत मी पहिल्या रेकॉर्डिंगपर्यंत आले होते. शंभर एक वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस टेनेसीच्या सीमेवरच्या गावात यंत्र घेऊन आला, टोप्यांच्या जुन्या गोदामात भिंतींना घोंगड्या टांगल्या आणि डोंगरातल्या लोकांना म्हणाला, या, गा. लोक कच्च्या रस्त्यांनी आले. एक बाई तर दिवस भरत आलेले असताना आली आणि गिटार वाजवून गेली.

"आई, मला माहितीये हे," मुलगी म्हणाली. "एव्हरीबडी नोज धिस."

"तुला माहीत असेल. मला आत्ता कळलंय, तर मी बोलणार."

मी बोलत राहिले. नॅशव्हिलच्या रेडिओवर दर शनिवारी होणाऱ्या प्रसिद्ध कार्यक्रमात किती तरी वर्षं ड्रम वाजवायला मनाई होती, हे सांगितलं. त्याच कार्यक्रमातला एक काळा माऊथ ऑर्गनवाला, लोक ज्याच्यासाठी रेडिओ लावायचे, त्याला एक दिवस सरळ काढून टाकलं, हे सांगताना मला इतका राग आला की माझी एक्झिट चुकली. ज्या बँजोशिवाय या गाण्यांचं पान हलत नाही तो बँजो मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचा, आणि त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. पुढे तो कार्यक्रम नव्या थिएटरात गेला, तेव्हा जुन्या रंगमंचाच्या फळ्यांचा एक गोल कापून नव्या रंगमंचात बसवला. आजही गाणारा त्या गोलात उभा राहून गातो. मला ते फार आवडलं. आपण नाही का नव्या घरात जाताना जुन्या घरातले देव नेत.

ॲशव्हिलच्या पुढे घाटात रस्ता आकसला. मागे वादळात नदीने हायवेचा अर्धा भाग खाल्ला होता आणि अजून काम चालू होतं. ताशी पस्तीस मैल, पुढे ट्रक, मागे ट्रक. मला असं अडकून पडलं की अंगाला मुंग्या येतात. आणि तिथेच माझ्या वहीतला सगळ्यात लाडका प्रसंग आला. कोळशाच्या खाणींच्या मुलखातली एक बाई. लहान वयात लग्न, पाठोपाठ पोरं, आणि मग एक दिवस तिने गर्भनिरोधक गोळीवर गाणं गायलं. रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला, आणि बायकांनी मात्र ते डोक्यावर घेतलं.

"काय छाती असेल बघ," मी म्हटलं. "घरातली गोष्ट, स्वयंपाकघरातली, अंथरुणातली, ती अख्ख्या देशासमोर मांडायची. आपल्याकडे बायका अजून औषधाचं दुकान बदलतात, ओळखीचा माणूस काउंटरवर असला की."

मुलीने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला ते बरोबर वाटतं? घरातलं गाण्यात घालणं?"

"अगदी बरोबर."

"घरातल्या कोणाला आवडलं नाही तर?"

"नको आवडू दे. लोकांना आवडेल तेवढंच गायचं तर जिंगल लिहाव्यात."

मग तिने तिची गोष्ट सांगितली. एका नावाजलेल्या गायिकेच्या माणसांनी तिच्या एका गाण्यावर होल्ड ठेवला होता. होल्ड म्हणजे गाणं त्या गायिकेसाठी राखून ठेवायचं, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. सोमवारी पक्कं हो म्हटलं की गायिका ते रेकॉर्ड करणार. तीन वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं आणि पुन्हा घडेल याची खात्री नव्हती.

"मग हो म्हण ना. बसलीयस काय?"

"एका पर्सनची परमिशन हवीय. ते गाणं त्यांच्याबद्दल आहे. दे डोन्ट नो."

मला वाटलं, तो जुना मित्र असणार, तो दाढीवाला, ज्याच्यावर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता. "त्याने नाही म्हटलं तर?"

"तर मी गाणं परत घेणार."

"वेडी आहेस का? त्याला विचारतेस कशाला? त्याने तुला विचारून सगळं केलं होतं का?"

"उद्या चार वाजता गाणारे मी ते. तू आधी ऐक," ती म्हणाली, आणि हेडफोन लावून बसली. त्या दाढीवाल्याला मी नॉक्सव्हिलपर्यंत मनातल्या मनात सुनावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला जिथे घेऊन गेली ते हार्डवेअरचं जुनं दुकान होतं. खिळ्यांचे लाकडी खण अजून भिंतीला होते. मधोमध चार खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून मांडलेल्या, त्यांच्याभोवती आम्ही साठेक माणसं, इतकी जवळ की माझा गुडघा एका गाणाऱ्याच्या गिटारच्या पेटीला लागत होता. या प्रकाराला तिथे राउंड म्हणतात. चौघे गीतकार आळीपाळीने आपलं एकेक गाणं गातात. प्रत्येक टेबलावर एक छोटी पाटी होती, तिच्यावर फक्त 'श्श' लिहिलेलं. माझ्या शेजारच्या बाईंनी नुसतं पर्सची चेन उघडली तर दोघांनी वळून पाहिलं. गाणं संपेपर्यंत बर्फाचा खडासुद्धा ग्लासात हलवायचा नाही, असा तिथला रिवाज.

मला हे कठीण. मी वाढले सांगलीत, गाण्याच्या बैठकींना वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसत. दाद तिथल्या तिथे द्यायची, ते म्हणायचे, शिळी दाद कोणी खात नाही. जागा आली की वडिलांचा हात वर जायचा आणि तोंडातून 'वा' निघायचं, आणि गवई त्यांच्याकडे बघून तीच जागा पुन्हा घ्यायचा. अमेरिकेत आल्यावरही बेसमेंटमधल्या बैठकींत मी तेच केलं. गप्प बसून गाणं ऐकणं म्हणजे आमच्याकडे गाणाऱ्याचा अपमान.

पहिल्या दोघांनी गायलं. दारू, ट्रक, मेलेला भाऊ. बरं होतं. मग माझ्या मुलीने गिटार मांडीवर ओढली. तिने गाण्याआधी काही सांगितलं नाही, बाकीच्यांनी सांगितलं होतं. शब्द इंग्रजी होते, मी अर्थ सांगते. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत येते, दार खाली येतं. इंजिन बंद होतं. आणि गाडीतली बाई उतरत नाही. गाडी बंद आहे, पण पट्टा अजून लावलेलाच.

"वा!"

माझा हात वर गेलेला होता. सगळी खोली वळली. शेजारच्या बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. मला लाजही वाटली नाही, कारण ओळ होतीच तशी. पाच इंग्रजी शब्दांत बाई उभी केली होती पोरीने. तिची बोटं क्षणभर थांबली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या वडिलांच्या समोर गवई करायचे तसं, तीच ओळ पुन्हा घेतली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. माझा ऊर भरून आला.

मग पुढची ओळ आली. गाडीच्या आरशावर चिकटवलेला लाल ठिपका.

ऑफिसला जाताना मी टिकली काढून आरशाच्या कोपऱ्यावर लावायची आणि संध्याकाळी घरात शिरण्याआधी कपाळावर. किती वर्षं. ते मला आणि आरशाला सोडून कोणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

तर ही गोष्ट सांगायलाच हवी. मुलगी सहा वर्षांची असताना मला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. शाळेतून आल्यावर शेजारच्या एक काकू तिच्याजवळ बसत आणि माझी गाडी गॅरेजमध्ये शिरलेली दिसली की पुढच्या दाराने आपल्या घरी जात. नवरा साडेसातला यायचा. आणि मी गाडीत बसून राहायची. दहा मिनिटं, कधी वीस. ऑफिस संपलेलं, घर सुरू व्हायचं असलेलं, आणि मधला तो तुकडा कोणाचाच नसलेला. रेडिओवर कंट्री स्टेशन लावलेलं असायचं. घरात आमच्याकडे नाट्यगीतं आणि जुनी हिंदी गाणी, मंडळाच्या लोकांतही तेच. ही बायका-पुरुषांची रडकी, निघून जाण्याची गाणी मला आवडतात हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे मुलगी सोळाची झाल्यावर तीच गाडी तिला दिली. रेडिओचं पहिलं बटण मी बदललं नव्हतं. टेनेसीची ती रूममेट निर्दोष आहे, हे आता लिहूनच टाकते.

गाणं पुढे गेलं. वरच्या खिडकीतून एक मुलगी गॅरेजचं दार बघते. काकू गेलेल्या आहेत. मुलगी रोज जिन्यात बसून वाट बघते की आई आज आत यायचं ठरवते की नाही. ठरवते. असा शब्द होता. आणि मग मार्चमधली ती एक संध्याकाळ. दार खाली येतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर जातं, गाडी उलटी बाहेर पडते, आणि निघून जाते. अंधार पडतो. मुलगी दप्तर पाठीवर घेऊन जिन्यात बसते, कुठे जावं लागलं तर तयारी असावी म्हणून. दीड तासाने आई येते. हातात दुधाचा कॅन. म्हणते, दूध आणायला गेले होते, रांग होती. मुलगी तो कॅन फ्रिजमध्ये ठेवते, दुसऱ्या भरलेल्या कॅनच्या शेजारी. घरात दूध होतंच.

गाणं तिथेच संपलं. सगळी साठ माणसं टाळ्या वाजवायला लागली. एक टोपीवाला म्हातारा डोळे पुसत होता. मला मात्र वाटत होतं की सगळ्यांसमोर कोणीतरी माझा पदर ओढलाय, आणि त्याला वा म्हणणारी पहिली मीच. दिलेली दाद परत घेता येत नाही. मी पर्स उचलली आणि चौथ्याचं गाणं सुरू झालेलं असताना खुर्ची करकरत बाहेर पडले.

पार्किंगमध्ये लख्ख ऊन होतं. मी गाडीभोवती चकरा मारत होते, बसवत नव्हतं. झाकली मूठ वीस वर्षं सांभाळायची आणि ती पोटच्या पोरीने उघडायची. उद्या रेडिओवर लागेल. नवरा ऐकेल, तो गाण्याचे शब्द फार नीट ऐकतो. मंडळात कळेल. शेजारच्या काकूंना कळेल, आणि त्यांना वाटेल की आपणच पोरीला एकटी टाकून गेलो. माझा राग कोणावर होता ते मला नक्की सांगता येत नाही, पण तो भरपूर होता.

तिचा राउंड संपायला अर्धा तास लागला. ती गिटार पाठीला लावून आली.

"ते बदल," मी म्हटलं. "टिकली काढ. दूध काढ. दुसऱ्या कोणाची तरी आई कर."

"मग ती कोणाचीच आई नाही होणार."

"हे चव्हाट्यावर मांडायला मीच सापडले तुला?"

"आई, काल तूच म्हणालीस, घरातलं गाण्यात घालणं अगदी बरोबर आहे."

"मी लोकांच्या घराबद्दल म्हणाले होते," मी म्हटलं. म्हणताना मलाच ऐकू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे आपल्या लोकांनी उगाच नाही म्हणून ठेवलं.

ती हसली नाही. गिटार जमिनीवर ठेवून बॉनेटला टेकून उभी राहिली. "तू नाही म्हण, आय मीन इट. मी सोमवारी फोन करून परत घेते. आय वोंट बी मॅड. मला फक्त तुला गाऊन दाखवायचं होतं, कारण बोलून मला जमलं नाही कधी."

"तुला खरंच वाटायचं, मी येणार नाही?"

"एव्हरी डे."

रोज. आठ वर्षांची असताना, दप्तर पाठीवर घेऊन. दीड तास तिने काय केलं हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. पुढेही नाही. रांग होती असं सांगून कणीक मळायला घेतली होती. मी पहिल्यांदा गाडीला टेकून तिच्या शेजारी उभी राहिले.

"तू कुठे गेली होतीस?" तिने विचारलं. "फॉर रिअल."

खरं तर त्या क्षणी मी नाही म्हणू शकले असते आणि तिने ऐकलं असतं. गाणं गेलं असतं, मूठ झाकलेली राहिली असती. पण मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मला उभ्या जागी राहवत नव्हतं, आणि पळायला त्या पार्किंगमध्ये जागा नव्हती.

"गाण्यात एक चूक आहे तुझ्या," मी म्हटलं. "मी दूध आणायला गेले नव्हते."

"आय नो. तेच आहे गाण्यात."

"नाही, तुला पूर्ण माहीत नाही. मी हायवेला लागले. समुद्राच्या दिशेने. बेन्सनच्या एक्झिटपर्यंत पोचले होते. मला परत यायचं नव्हतं. कुठे जायचं तेही माहीत नव्हतं, पण परत यायचं नव्हतं. तू घरात एकटी आहेस हे मला माहीत होतं, आणि तरी."

हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. बोलून झाल्यावर वाटलं, आता ही गिटार उचलून चालायला लागेल. तो तिचा हक्कच होता.

"तुझ्या बाबाला मी सांगेन," मी म्हटलं. "आजच. त्याला रेडिओवरून कळायला नको. मग तू सोमवारी हो म्हण."

ती मान डोलावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. मग तिने विचारलं, "मग परत का आलीस?"

मला चांगलं उत्तर द्यायचं होतं. तुझ्यासाठी आले, असं म्हणायचं होतं, कोणतीही आई म्हणेल तसं. पण एवढं खरं बोलून झाल्यावर तिथे खोटं बोलवेना.

"पेट्रोल भरायला थांबले. दुकानात गेले आणि सवयीने दूध उचललं. का ते माहीत नाही, बाई दुकानात शिरली की तिचा हात दुधाकडे जातो. गाडीत ठेवलं. आणि मग वाटलं, हे आता फ्रिजमध्ये ठेवायला हवं, नाहीतर नासेल."

तिने मला मिठी मारली नाही, मी त्या मिठीची वाट बघत होते. तिने खिशातून फोन काढला आणि ओल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"आई, हे मी वापरू?"

मी पर्समधून टिशू काढला होता, तो हातातच ठेवला, कारण तिचे दोन्ही अंगठे टाइप करायला लागले होते.

"लिही," मी म्हटलं. "नाक मग पूस."